ग्रहण कुणाला लागते?

मराठीत ग्रहण लागते आणि सुटते. लागणे हे क्रियापद आपण नजरेला, भुताला, व्यसनाला, वेडाला वापरतो. बाहेरचे काहीतरी येऊन एखाद्याला चिकटले आणि आता ते सुटेपर्यंत त्याची धडगत नाही, असा त्याचा भाव. चांगल्या चाललेल्या संसाराला, धंद्याला, कुणाच्या भाग्याला ग्रहण लागले, असे आपण म्हणतो तेव्हा हाच भाव मनात असतो. पण त्याच भाषेत विद्यार्थी ज्ञान ग्रहण करतो, मंत्री पदग्रहण करतो, विवाहात पाणिग्रहण होते, आणि ज्याला चटकन समजते त्याची ग्रहणशक्ती चांगली असते. मूळ धातू एकच, ग्रह्. अर्थही एकच: धरणे, पकडणे, हाती घेणे. आग्रह, निग्रह, संग्रह, अनुग्रह, विग्रह ही सगळी त्याच घरातली मंडळी. आकाशातल्या काळोखाला आणि बुद्धीच्या उजेडाला एकच नाव असणे हा निव्वळ योगायोग मानून पुढे जाता येईल. तसे जाऊ नये, असे मला वाटते. या एका नावात एक प्रश्न दडला आहे: ग्रहणात पकडले कोण जाते? पुराण सांगते, सूर्य, पकडणारा राहू. शाळेचे पुस्तक सांगते, राहू वगैरे कुणी नाही, सूर्याला झाकणारा चंद्र. दोन्ही उत्तरे आकाशाकडे बोट दाखवतात. आपल्या परंपरेतल्या खोल विचार करणाऱ्यांनी मात्र, मग ते उपनिषदातले ऋषी असोत, सिद्धांतकार ज्योतिषी असोत की धर्मनिर्णय देणारे शास्त्री असोत, ग्रहणाची जागा पाहणाऱ्यापाशी ठेवली आहे. आणि तसे असेल तर ग्रहणाच्या भीतीला या परंपरेचाच आधार उरत नाही.

शब्दापासून सुरुवात करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. ग्रहणाला पकडण्याच्याच रूपात पाहिले पाहिजे असे काही नाही. ग्रीकांनी ज्या शब्दाने ही घटना ओळखली, तो एक्लेइप्सिस, म्हणजे सोडून जाणे, उणे पडणे, हजर नसणे. इंग्रजीतला एक्लिप्स तिथूनच लॅटिन आणि फ्रेंचच्या वाटेने आला. झर्क्सिसची स्वारी ग्रीसकडे निघाली तेव्हा सूर्य आकाशातले आपले आसन सोडून दिसेनासा झाला, असे हिरोडोटस लिहितो तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो. चिनी भाषेत या घटनेला खाण्याच्या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे कुठे सूर्य निघून जातो, कुठे खाल्ला जातो, कुठे धरला जातो. आपल्याकडेही सगळ्यात जुने वर्णन धरण्याचे नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या चाळिसाव्या सूक्तात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने विंधतो, आणि अत्री ऋषी आपल्या मंत्रसामर्थ्याने त्या लपलेल्या सूर्याला शोधून काढतात. तिथे धातू आहे व्यध्, विंधणे. पंचांगातले ग्रहणाचे 'वेध' त्याच धातूचे, आणि वेधशाळेतला वेधही त्याच धातूचा. पण त्या सूक्तातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. सूर्य विंधला गेला तेव्हा सूर्याचे काय झाले याचे वर्णन ऋषी जवळजवळ करतच नाही. तो सांगतो की प्राणिमात्र भांबावून गेले, अनोळखी मुलखात आलेल्या, कुठे आलो हे न कळणाऱ्या माणसासारखे पाहत राहिले. आणि अत्रींनी काय केले? त्यांनी असुराला मारले असे ऋषी म्हणत नाही. त्यांना सूर्य 'सापडला' असे म्हणतो. ग्रहणाचा पहिला भारतीय उल्लेख हा हरवल्याचा आणि सापडल्याचा आहे, आणि हरवली आहे ती पाहणाऱ्यांची दिशा.

पुढे संस्कृतात ग्रहणासाठी जे दोन शब्द रुळले, ते अमरकोशात शेजारी शेजारी आहेत: उपराग आणि ग्रह. उपराग म्हणजे शेजारच्या वस्तूचा रंग चढणे. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक तांबडा दिसतो, तो उपराग. आता हे दोन्ही शब्द तत्त्वज्ञानात कुठे जातात ते पाहण्यासारखे आहे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादात प्रश्न येतो की वस्तू कधी कळते आणि कधी कळत नाही ती का; उत्तर असे की चित्तावर त्या वस्तूचा उपराग झाला तर ती ज्ञात, नाही तर अज्ञात. म्हणजे जो शब्द सूर्य काळवंडण्याला, तोच जाणण्याच्या क्रियेला. ग्रह् धातूचेही तेच. न्यायवैशेषिकांपासून वेदांतापर्यंत इंद्रियांनी विषय जाणणे म्हणजे विषयाचे ग्रहण. गौडपादांनी मांडूक्यकारिकेत अज्ञानाचे दोन प्रकार याच शब्दाने वेगळे केले: गाढ झोपेत तत्त्वाचे अग्रहण असते, स्वप्नात अन्यथाग्रहण, भलतेच धरले जाणे. या दोन्ही पारिभाषिक शब्दांना आकाशातल्या घटनेची आठवण चिकटलेली आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे ओढूनताणून होईल. पण भाषेने जाणण्याला आणि झाकले जाण्याला एकाच मुठीत धरले, आणि ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, एवढे तर दिसतेच.

एका ठिकाणी मात्र हा दुवा कुणी ओढूनताणून जोडावा लागत नाही, तो उघडच मांडला आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत जरत्कारूच्या कुळातला आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की ग्रह किती आणि अतिग्रह किती. उत्तर येते, आठ आणि आठ. प्राण, वाणी, जीभ, डोळे, कान, मन, हात आणि त्वचा हे आठ ग्रह, धरणारे. पण यातला प्रत्येक ग्रह एकेका अतिग्रहाने धरलेला आहे: वाणी नामाने, डोळे रूपाने, कान शब्दाने, मन कामाने, हात कर्माने. डोळा रूप पकडतो असे आपल्याला वाटते. याज्ञवल्क्य म्हणतात, डोळ्याला रूपाने पकडले आहे. यज्ञात सोमरसाच्या पात्रालाही ग्रह म्हणतात, त्यामुळे आर्तभागाच्या प्रश्नात त्या अर्थाचीही छाया असणार. तरी याज्ञवल्क्यांनी शब्दाची उकल केली ती याज्ञिकाच्या चौकटीबाहेर जाऊन. धरणारा हाच धरला गेलेला असतो, हा या संवादाचा गाभा. ज्याला आपण ग्रहण म्हणतो त्याची जागा आकाशातून उचलून माणसाच्या डोळ्यात आणि मनात आणून ठेवण्याचे काम इतक्या लवकर झाले होते.

इथे कुणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीतून वस्तूचे सत्य निघत नसते. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा, म्हणून सूर्याला आई होती असे ठरत नाही. एकाच धातूपासून दोन अर्थ निघाले तर त्यांचा एकमेकांशी तात्त्विक संबंध असतोच असे नाही. मान्य. म्हणून शब्द बाजूला ठेवून ज्यांचा शब्दांशी कमी आणि सावल्यांशी जास्त संबंध होता, त्यांच्याकडे जाऊ. इ.स. 499 मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथाच्या गोलपादात ग्रहणाचे कारण अगदी मोजक्या शब्दांत सांगून टाकले: सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. पुढच्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत राहूच्या कथेची उलटतपासणी केली. त्याचे युक्तिवाद वाचताना वाटते की हा माणूस आकाशाखाली उभा राहून नीट पाहत होता. चंद्रग्रहण नेहमी चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून सुरू होते, सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून. का? कारण चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. तो सावलीत शिरतो तेव्हा त्याची पुढची, म्हणजे पूर्वेची कड आधी बुडते. आणि तो मागून येऊन सूर्याला गाठतो तेव्हा सूर्याची पश्चिमेची कड आधी झाकली जाते. अर्धा ग्रासलेला चंद्र पाहिला तर त्याची शिंगे बोथट असतात, अर्ध्या ग्रासलेल्या सूर्याची टोकदार. म्हणजे चंद्राला झाकणारे वर्तुळ फार मोठे आहे, सूर्याला झाकणारे त्याच्याच आकाराचे. झाकणारा एकच राहू असता तर हा फरक पडला नसता. शिवाय, वराहमिहिर विचारतो, राहूची गती ठरलेली असेल तर तो एकदा सूर्यावर आणि पंधरवड्याने समोरच्या बाजूच्या चंद्रावर कसा झडप घालतो? आणि गती ठरलेली नसेल तर ग्रहणाचे गणित जुळते कसे?

या गणितातच माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. सिद्धांतग्रंथांत चंद्रग्रहणाचे गणित एका अधिकारात, म्हणजे प्रकरणात, असते आणि सूर्यग्रहणाचे दुसऱ्या. सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन आणि नती नावाचे दोन संस्कार करावे लागतात, चंद्रग्रहणात ते लागत नाहीत. दोन्ही म्हणजे पाहणारा पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर कुठेतरी उभा आहे म्हणून पडणारा फरक. अमावास्येच्या क्षणी चंद्र-सूर्य पृथ्वीच्या केंद्रातून पाहता एका रेषेत येतात, पण केंद्रात कोणी राहत नाही; म्हणून पाहणाऱ्याचे गाव कोणते हे धरल्याशिवाय सूर्यग्रहण काढताच येत नाही. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा बहुधा शे-दोनशे किलोमीटर रुंद असतो. त्याच्या आतल्या गावात भरदुपारी तारे दिसतात, आणि त्याच क्षणी खूप दूरच्या गावात सूर्याचा एक टवका तेवढा उडालेला दिसतो. सूर्याला काही होत नाही. सूर्य, चंद्र आणि एक डोळा, या तिघांमधले ते नाते आहे. डोळा काढून घेतला तर सूर्यग्रहण नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही, फक्त पृथ्वीवर धावणारी चंद्राची सावली राहते. आपले ज्योतिषी हे जाणत होते, कारण हे जाणल्याशिवाय त्यांचे उत्तर चुकत होते. पंचांग खरे की खोटे हे ठरवण्याची त्यांची कसोटीसुद्धा ग्रहणच. तिला ते दृक्प्रत्यय म्हणत: डोळ्याला आलेला पडताळा. केरळच्या परमेश्वराने चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशके ग्रहणांचे वेध घेतले आणि जुने गणित सुधारले. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 मध्ये ग्रहलाघव रचले आणि महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पिढ्यान्पिढ्या त्यावर चालले. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी ते आकाशाशी जुळेनासे झाले तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 मध्ये ग्रहसाधनांची कोष्टके दिली. पोथी आणि आकाश यांच्यात तंटा झाला तर पोथी बदलायची, हा या शास्त्राचा रिवाज होता.

चंद्रग्रहणाचे काय, असा प्रश्न इथे यायलाच हवा, आणि तो टाळून माझा युक्तिवाद पुरा होणार नाही. चंद्र खरोखरच सावलीत शिरतो. त्याच्यावर पडणारा प्रकाश खरोखर अडतो. पृथ्वीवर ज्याला म्हणून तेव्हा चंद्र दिसतो त्याला ते ग्रहण एकाच क्षणी, सारखेच दिसते, आणि कुणीही पाहत नसले तरी ते घडतेच. तेव्हा 'ग्रहण पाहणाऱ्याचे' हे विधान चंद्रग्रहणाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण चंद्र 'धरला' गेला, मलिन झाला, त्याच्यावर संकट आले असे यातून निघते का? आर्यभटाच्या परंपरेत चंद्र पाण्याचा, स्वतःचे तेज नसलेला आहे. त्याचे पाणी असणे आज कोणी मानत नाही, पण परप्रकाशी असणे खरे ठरले. जे त्याचे नव्हतेच ते काही काळ त्याच्यापर्यंत पोचले नाही, एवढेच घडले. आणि ज्याची सावली त्याच्यावर पडली ती आपली पृथ्वी. चंद्राला कुणी धरले असेल तर आपण उभे आहोत त्या जमिनीने. पूर्ण ग्रासातही चंद्र नाहीसा होत नाही, तांबूस दिसत राहतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकलेला सूर्यप्रकाश त्याच्यापर्यंत जातो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त होत असतात, त्या सगळ्यांचा तो रंग असतो.

यापेक्षा जड आक्षेप ब्रह्मगुप्ताचा आहे. इ.स. 628 मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिणारा हा मोठा गणिती. स्वतः ग्रहण काढतो ते पृथ्वीच्या सावलीवरून आणि चंद्राच्या बिंबावरून. पण आर्यभट, वराहमिहिर आदींना तो दोष देतो की राहू नाही असे म्हटले तर श्रुती-स्मृतींचा विरोध होतो, ग्रहणकाळच्या स्नान-दानाचे पुण्य निराधार होते. अल्-बेरूनीला अकराव्या शतकात हे वाचून आश्चर्य वाटले. एवढे समजणारा माणूस असे कसे लिहितो? सॉक्रेटिसावर ओढवले तसे काही आपल्यावर ओढवेल या धास्तीने लिहिले असावे, असा त्याचा तर्क. मला तो तर्क अपुरा वाटतो. ब्रह्मगुप्ताचा प्रश्न भेकडाचा नाही. लोक ज्या कृतीभोवती जमतात तिचे कारण काढून घेतले तर ती कृती टिकेल का, हा खरा धर्मप्रश्न आहे आणि आजही तो मिटलेला नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात त्यावर तोडगा काढला: मिळालेल्या वराच्या बळावर राहू पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला आणि चंद्रात शिरून सूर्याला झाकतो, तेव्हा कुणालाच विरोध नको. हा तोडगा सौजन्याचा आहे, पण त्यात राहूला करायला काही काम उरत नाही. जिथे सावली आहे तिथेच तो जातो, सावली जाईल तेव्हा निघतो. असा राहू असला काय आणि नसला काय. ज्योतिष्यांनी पुढे राहू-केतू ही नावे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते त्या दोन बिंदूंना दिली. ते बिंदू आहेत, पण तिथे वस्तू काही नाही. समुद्रमंथनाच्या कथेत राहूला धड नाही म्हणून गिळलेला सूर्य गळ्यातून बाहेर पडतो. कथाकारालाही ठाऊक होते की ही पकड टिकणारी नाही.

ब्रह्मगुप्ताला खरे उत्तर ज्योतिषाने दिलेले नाही. ते धर्मशास्त्राने दिले आहे, आणि ते फारसे कुणी पाहत नाही. स्मृतींमध्ये ग्रहणाच्या स्नानदानाचा विधी जिथे येतो तिथे वारंवार येणारा शब्द आहे राहुदर्शन. राहू दिसल्यावर काय करावे, असा तो विधी आहे. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू 1612 चा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, धर्मसिंधू 1790 चा. दोन्ही ग्रंथांत सगळा खल या एका शब्दाभोवती आहे. दिसणे म्हणजे काय? ठरले ते असे: जे ग्रहण आपल्या गावी डोळ्यांना दिसण्याजोगे नाही, त्याचे पुण्यही नाही आणि वेधही नाहीत. दुसऱ्या खंडात लागलेले ग्रहण पाळायचे नाही. सूर्य ग्रासलेलाच मावळला तर पुण्यकाळ मावळेपर्यंतच. ढग आले तर? तर गणितावरून स्पर्श आणि मोक्ष जाणून घ्यावेत आणि स्नान करावे, कारण ग्रहण दिसण्याजोगे होते, आड आला तो ढग. आजही पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहणापुढे ते धार्मिकदृष्ट्या पाळू नये असे छापलेले असते, कारण त्या विरळ सावलीत चंद्राचा बदल डोळ्याला कळत नाही. या सगळ्या निर्णयांचा अर्थ काय होतो ते नीट पाहा. ग्रहण हा सूर्याला झालेला विटाळ असता, आकाशातून विषारी किरण येत असते, तर ते आपल्याला दिसण्या न दिसण्यावर अवलंबून राहिले नसते. विष बघितले नाही म्हणून लागायचे राहत नाही. शास्त्रींनी ग्रहणाला धर्मविषय केले ते त्याच्या दिसण्याच्या बाजूने. लंबनाच्या गणिताने जे सांगितले, तेच यांनी वेगळ्या वाटेने सांगितले: ज्याच्या डोळ्यापुढे ग्रहण, त्याचे ग्रहण.

यावर कुणी म्हणेल, मग त्याच शास्त्राने ग्रहणाआधी तीन-चार प्रहर जेवू नये असे का सांगितले? अन्नावर तुळशीपत्र का, गर्भार बाईला खोलीत का कोंडायचे? यातल्या गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. उपवास, स्नान, जप, दान हे पर्वकाळाचे नियम आहेत; एकादशीलाही आपण उपाशी राहतो, तेव्हा त्या दिवशी काही अशुभ असते म्हणून नव्हे. आणि नियमांतही बाल, वृद्ध, आजारी यांना मोकळीक दिलेली आहे. भागवताच्या दशम स्कंधात सूर्यग्रहणासाठी यादव कुरुक्षेत्री जातात, लोकांना ते आधीपासून ठाऊक असल्याने दूरदूरहून माणसे आलेली असतात, आणि तिथे कृष्णाची नंदयशोदेशी आणि गोपींशी कित्येक वर्षांनी गाठ पडते. ग्रहण हे तिथे भेटीचे निमित्त आहे. त्या कथेत कुणी दार लावून बसलेले नाही. गर्भार बाईने विळी धरली तर मुलाचा ओठ फाटतो, तिने कूस बदलली तर मूल व्यंग घेऊन येते, ही भीती मात्र ना ग्रहणाच्या गणितातून निघते ना राहुदर्शनाच्या विधीतून. ज्या बाईच्या बाळाला जन्मतः काही उणे असते तिला आयुष्यभर 'ग्रहणात काय केलेस' हा प्रश्न झेलावा लागतो. ओठ फाटण्याचे कारण गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या वाढीत असते, आणि तिच्या माथी मारलेला तो दोष अन्याय आहे. त्याला परंपरेचे नाव देऊन सौम्य करण्यात अर्थ नाही. अरबस्तानात 632 मध्ये पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले तेव्हा पैगंबरांनी सांगितले की कुणाच्या मरणासाठी वा जन्मासाठी सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. स्वतःच्या पुत्रशोकाच्या दिवशी हे सांगणे मला फार मोठे वाटते.

आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या दक्षिणामूर्तिस्तोत्रात ग्रहणाचा दृष्टांत येतो, आणि तो नेमका उलट दिशेने लावला आहे. गाढ झोपेतला आत्मा राहूने ग्रासलेल्या सूर्यचंद्रासारखा आहे, मायेने झाकलेला. पण जागा झाल्यावर 'मी झोपलो होतो' हे तोच ओळखतो. म्हणजे झाकला गेला तेव्हाही तो होताच. दृष्टांताचा जोर ग्रासण्यावर नाही, न संपण्यावर आहे. कुणी म्हणेल, ही वेदांत्यांची सोय झाली, आकाशातल्या घटनेचा मनाजोगता अर्थ. पण आकाशातली घटनाही इथे वेदांत्यांच्याच बाजूने साक्ष देते. सूर्याभोवतीचे मोत्याच्या रंगाचे प्रभामंडळ आणि कडेवरच्या लालसर ज्वाला एरवी सूर्याच्याच झगझगाटामुळे दिसत नाहीत. बिंब पुरते झाकले गेले की त्या डोळ्यांना दिसतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून मच्छलीपट्टणकडे गेला. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे' त्याच ग्रहणाच्या आठवणीशी जोडले जातात. गुंटूरला जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्या वायूच्या आहेत हे कळले. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याला त्या दिसल्या. त्यांत एक पिवळी रेष होती जी तेव्हा ठाऊक असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. तिला सूर्यावरून हेलियम हे नाव मिळाले, आणि पृथ्वीवर ते द्रव्य 1895 मध्ये रॅम्झे यांना सापडले. सूर्य कशाचा आहे हे माणसाला ग्रहण करता आले, त्यात सूर्य झाकला गेला त्या काही मिनिटांचा वाटा मोठा आहे.

पकडण्याची प्रतिमा आकाशातच ठेवली तर काय होते, याचा एक पुरावा महाराष्ट्राच्या गावागावांत होता. ग्रहण सुटायच्या वेळी मांग समाजातली माणसे 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी हाळी देत दारोदार जात, आणि घरोघरी धान्य, जुने कपडे, नाणी वाटली जात. हे दान का आणि यांनाच का? कारण समजूत अशी की राहू-केतू त्यांच्या जातीचे. त्यांना दिले की राहू सूर्याला सोडतो. सूर्याला कुणीतरी धरले आहे असे एकदा मानले की धरणारा पृथ्वीवरही शोधला जातो, आणि तो सापडतो गावकुसाबाहेर. अत्रीच्या सूक्तात असुर, पुराणात दैत्य, आणि गावात हाडामांसाचा माणूस. ज्याला वर्षभर शिवायचे नाही त्याला ग्रहणात मात्र दान द्यायचे, तेही त्याच्यावरच्या प्रेमापोटी नाही, सूर्य सोडवायला. हे दान पुण्याचे म्हणून ज्यांनी केले त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण ज्याने हात पसरले त्याला ग्रहणाच्या दिवशी आपण गिळणाऱ्याचे नातलग आहोत हे ऐकावे लागले. शिकलेल्या मातंग तरुणांनी ही हाळी सोडली ते योग्यच केले. राहूची गोष्ट निरुपद्रवी आहे, तिला हसून सोडून द्यावे, असे म्हणणाऱ्यांनी या दानाचा विचार करावा.

पण म्हणून ग्रहणातले दानच खोटे ठरते का? ब्रह्मगुप्ताला हीच भीती होती. तिला आपल्या भूमीत एक उत्तर कोरून ठेवलेले आहे. चाळीसगावजवळ पाटणला शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. त्या मठाला स्थानिक राजा सोइदेवाने दान दिले ते श्रावणातल्या पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांसमक्ष, हातावर पाणी सोडून. ज्या ग्रंथांत चंद्रग्रहण हे पृथ्वीच्या सावलीने होते असे गणितासह शिकवले जाते, तेच ग्रंथ शिकवण्याच्या मठाला दिलेले हे चंद्रग्रहणातले दान. त्या दिवशी ग्रहण केव्हा लागणार हे त्याच ग्रंथांवरून काढले गेले असणार. तिथे कुणाला सूर्य-चंद्र सोडवायचे नव्हते, आणि दान घेणारा कुणाचा नातलग ठरत नव्हता. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण कुणी काय द्यायचे तो भाग जुन्या मराठीत: बाजारात माल विकला गेला की राजाला मिळणारा ग्राहकाकडचा कर मठाला, आणि पाटणात जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल.